केसभरकाकांचं दार

आमच्या ह्यांना कारखान्यात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे केसभरकाका म्हणतात. हे नाव पाडलं रंगखात्यातल्या रंगारीबुवांनी, आणि पाडलं ते अगदी चपखल. गाडीचं दार चौकटीत बसवताना हे अंगठ्याने फट चाचपतात, एक डोळा मिटतात आणि म्हणतात, "केसभर पुढे." मग कानस फिरवतात, परत चाचपतात. "आता केसभर वर." सकाळी हातात घेतलेलं दार जेवणाची सुट्टी झाली तरी केसभर-केसभर सरकतच असतं. घरीसुद्धा तीच तऱ्हा. भिंतीवर एक फोटो टांगायचा म्हटलं की मी आधी चहा टाकते, कारण फोटो सरळ होईपर्यंत चहा पिऊन कपसुद्धा धुऊन होतात.

मी त्याच कारखान्यात सीटा शिवते. चामडं कापायचं, मशीनवर शिवायचं आणि मशीन जिथे वळत नाही तिथे दाभण घेऊन हाताने शिवायचं. आमची ओळख झाली तीच भांडणातून. मी नवीन होते. हे एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि ओळख ना पाळख, म्हणाले, "तुमची शिवण माझ्या दाराला लागते." मी मान वर न करता म्हटलं, "तुमचं दार माझ्या शिवणीला लागतं." हे गेले तोंड पाडून. दुसऱ्या दिवशी बघते तर दार केसभर सरकवलेलं! मनात म्हटलं, माणूस बरा दिसतोय. त्यानंतर आजतागायत ह्यांनी माझ्या सांगण्यावरून काहीही सरकवलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण लग्न झालं, लेक झाली, ती शिकून नोकरीला लागली, आणि आम्ही दोघं अजून दुपारी एकाच डब्यातून जेवतो.

आमचा कारखाना म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. एका टोकाला सांगाडे जोडतात, मध्ये बॉडीचा पत्रा ठोकतात, पलीकडे रंग, आणि उजेडासाठी खिडकीपाशी मी. आम्ही बनवतो त्या गाड्या फक्त दोन माणसांच्या, बुटक्या, जमिनीला पोट टेकतंय की काय वाटावं अशा, आणि पळायला लागल्या की मागे वळून न बघणाऱ्या. आत बसायचं तर आधी कंबर न्यायची, मग डोकं, मग पाय. उतरताना मात्र आधी अब्रू सांभाळायची. लेक म्हणते, "आई, तुमच्या गाडीत बसण्यापेक्षा ती अंगात घालणं सोपं."

लेक एका मोठ्या कंपनीच्या शोरूममध्ये आहे. त्यांच्या गाड्यांची दारं यंत्र बसवतं. आपली जांभई पुरी होते न होते तोवर एक दार बसलेलं असतं म्हणे. तिने हे कौतुकाने सांगितलं तेव्हा ह्यांनी एवढंच विचारलं, "आणि फट कशी येते?"

"बाबा, फट कोण बघतंय? लोक आधी स्क्रीन केवढी आहे ते बघतात."

ह्यांनी समोरचा तांब्या केसभर सरकवला आणि जेवायला लागले.

फट बघायचे ते आमचे थोरले मालक, कारखाना ज्यांनी उभा केला ते. गिऱ्हाईक आलं की ते खिशातून स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड काढायचे, गाडीच्या बंद दाराच्या फटीवर टेकवायचे आणि म्हणायचे, "घाला बघू आत." गिऱ्हाईक हसत-हसत घालायला जायचं. कार्ड वाकायचं, कोपऱ्यात दुमडायचं, पण आत म्हणून जायचं नाही. मग मालक लांबूनच ह्यांच्याकडे बोट दाखवायचे, "ते तिकडे बसलेत ना, त्यांचं काम." बस्स, एवढंच. पण तेवढं ऐकायला मिळावं म्हणून हा माणूस अंगात ताप असताना कामावर गेलेला मी पाहिलाय. ड्रॉइंगमध्ये फट जेवढी दाखवलेली असे, त्याहून ह्यांची नेहमी कमीच. हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनाच त्याचा अभिमान होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू? नवऱ्याच्या कामापुढे कार्ड हरलेलं बघायला मी मुद्दाम सुई हातात घेऊन दारापर्यंत जायची.

थोरले मालक गेले. आता कारखाना त्यांची मुलगी बघते. तिला सगळे ताई म्हणतात. लहानपणी ती माझ्या टेबलाखाली बसून चामड्याचे तुकडे गोळा करायची, म्हणून आम्ही दोघं तिला अजून अगं-तुगं करतो. बाहेरचं कुणी असलं की मात्र अहो-जाहो. पोरगी हुशार, गाड्यांचंच शिक्षण घेतलेली, आणि कामाला वाघ. पण वडिलांच्या वाट्याला आलेले दिवस काही तिच्या वाट्याला आले नाहीत. लोकांना हल्ली शिडी लावून चढावं अशा उंच गाड्या हव्यात. दिवे बनवणारा म्हणतो, हजारांनी घ्या नाहीतर घेऊच नका. आणि आमच्या वर्षभराच्या गाड्या एका अंगणात मावतील! पेट्रोलच्या इंजिनाचे दिवस भरत आलेले, आणि बॅटरी घालावी तर ती एवढी जड की आमच्या चपळ गाडीची म्हैस होते. दुसरी कुणी असती तर हात टेकले असते. ताईने टेकले नाहीत. तिने खपून-खपून लहान बॅटरीची, हलकी, नवी गाडी उभी केली. पहिली गाडी तयार झाली ती गडद निळी. ती दर्शनी खोलीत, काचेमागे ठेवली. तिच्या दारांवर ह्यांनी किती दिवस घालवले ते विचारू नका. येता-जाता हे तिच्या दारावरून हात फिरवायचे. माझ्या पाठीवरून कधी फिरवला नसेल एवढा.

आणि मग आला नवा नियम. जुन्या जातीच्या गाड्या वर्ष संपलं की विकायच्या नाहीत. नवी विकायची तर आधी तिची टक्कर चाचणी, म्हणजे आख्खी गाडी, आत बाहुला बसवून, वेगात भिंतीवर आपटायची. मोठ्या कंपन्यांना त्याचं काही नाही, त्या डझनाने गाड्या आपटतात आणि हात झाडून मोकळ्या होतात. आमच्याकडे एक गाडी म्हणजे सगळ्यांचा मिळून कितीतरी दिवसांचा घाम. ताईने सगळ्यांना बोलावलं आणि काही न लपवता सांगितलं, "चाचणीसाठी एक गाडी बांधायची. ती पास झाली तर पुढची कितीतरी वर्षं आपल्याला काम आहे. नाही झाली, तर कारखान्याचं गेट बंद करावं लागेल." मग आमच्या सगळ्यांची तोंडं बघून ती जरा हसली आणि म्हणाली, "आणि हो, उगाच नटवू नका. ती मोडायलाच चाललीये. ड्रॉइंगप्रमाणे बांधा, झालं."

आता हे आमच्या लोकांना सांगून काय उपयोग? माझंच सांगते. मी त्या सीटांना दुहेरी शिवण घातली. कुणासाठी, तर पोटात वायरी असलेल्या बाहुल्यासाठी! रंगारीबुवांनी डिक्कीच्या आतल्या बाजूलासुद्धा घासून चकाकी आणली. आणि ह्यांचं तर काही विचारूच नका. "परक्या ठिकाणी चाललीये," म्हणे. "लहान कारखाना म्हणून दार ढिलं, असं तिथल्या कुणी म्हणायला नको." केसभर, केसभर करत ह्यांनी दोन्ही दारं अशी बसवली की आजवरच्या सगळ्या गाड्या मागे पडल्या. कार्डाचं सोडाच, माझ्याकडचा कापड बेतायचा पातळ कागद मागून घेतला, तोही जाईना. रंगारीबुवांनी तर हातच जोडले. "केसभरकाका, आता तुमचं नाव बदलावं लागणार," म्हणाले. हे लाजले. एवढा मोठा माणूस, पण लाजले!

चाचणीला ताई आणि हे गेले. ते परत येणार त्या संध्याकाळी कुणी घरी गेलं नाही, सगळे गेटापाशी. ताईची गाडी आली. हे उतरले, कुणाकडे न बघता नळावर गेले आणि तोंड धुवायला लागले. धुतच राहिले.

ताई म्हणाली, "सांगाडा टिकला. बाहुल्यालाही फार लागलं नाही. पण दारं उघडली नाहीत."

नियम असा आहे की टक्कर झाल्यावर दार नुसत्या हाताने उघडलं पाहिजे, हत्यार न लावता. बरोबरच आहे. आत माणूस अडकला, तर तो बाहेर कसा येणार? टक्कर झाली की दारापुढचा खांब थोडासा मागे रेटला जातो, कुठल्याही गाडीचा रेटला जातो, आणि दारालाही मागे रेटतो. तेवढं सामावून घ्यायला दाराच्या मागे जागा लागते. ड्रॉइंगमधली फट त्यासाठीच होती. ह्यांनी ती जागाच शिल्लक ठेवली नव्हती. दार चौकटीत असं रुतलं की तिथल्या दोन धडधाकट माणसांनी पाय लावून ओढलं तरी ढिम्म हललं नाही. शेवटी पत्रा कापून बाहुल्याला बाहेर काढावं लागलं.

तिथे कापलेल्या दारापाशी उभं राहून ताईने ह्यांना विचारलं होतं, "काका, दार ड्रॉइंगप्रमाणे होतं ना?"

"नाही," हे म्हणाले. "त्याहून चांगलं होतं."

ताईने कपाळाला हात लावला, पण एक शब्द बोलली नाही. ती चिडली असती, ओरडली असती, तर ह्यांना सोसलं असतं. न बोलणं लागलं. आणि उरली होती एकच नवी गाडी, दर्शनी खोलीतली ती निळी. चाचणी केंद्राने आणखी एक संधी द्यायचं कबूल केलं होतं. त्यानंतर नाही.

आता आमच्या न्हाणीघराच्या दाराचं सांगायला हवं. ते ह्यांनीच बसवलेलं, आणि अर्थातच घट्ट. एरवी ठीक, पण हवेत जरा दमटपणा आला की लाकूड फुगतं आणि दार रुतून बसतं. एकदा मी आत, डोक्याला साबण, आणि दार काही केल्या उघडेना. मी आतून आरडाओरडा करतेय आणि हे बाहेरून म्हणतायत, "पण फट बघ, वरपासून खालपर्यंत कशी सारखी आलीये!" शेवटी बिजागऱ्या काढून माझी सुटका केली, तोवर साबण डोक्यावर वाळून खडखडीत झाला होता. लेक अजून पाहुण्यांना हा किस्सा रंगवून सांगते.

तर नापास होऊन आल्यापासून हे घरात बोलेनात. ताटात वाढलेलं चिवडत बसायचे. एक दिवस म्हणाले, "मी ताईला सांगणार आहे, उद्यापासून येत नाही. माझ्या हाताने कारखाना बुडाला. आता कुठलं तोंड घेऊन तिथे उभा राहू?"

दुसरी बायको असती तर पाठीवर हात ठेवून समजूत घातली असती. माझं डोकंच फिरलं. "येत नाही म्हणजे काय?" मी म्हटलं. "अडकवायला पुढे होतात, आणि सोडवायच्या वेळी घरी बसणार? वा रे वा! आणि मला एक सांगा, दार कशासाठी करतात हो? बंद करून त्याच्याकडे बघत बसायला? मी साबण लावून ओरडत होते ना, तेव्हाच तुमच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. आतल्या माणसाला बाहेर येता येत नसेल तर ते दार कसलं? भिंतच की ती!"

हे ताटावरून उठून गेले. जिभेला हाड नाही माझ्या. नंतर मलाच जेवण गेलं नाही. पण बोललेलं मागे घेणाऱ्यातली मी नव्हे, आणि बोलले ते खोटंही नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून बघते तर न्हाणीघराला दारच नाही! दार बाहेरच्या खोलीत दोन स्टुलांवर आडवं, हे त्याच्या कडेवर रंधा मारतायत, आणि सगळ्या फरशीवर लाकडाच्या सालपटांचा खच.

"अहो, आता अंघोळ काय चारचौघांत करायची?"

"थांब गं. इकडे ये, हात पुढे कर. तळहात सरळ धर." ह्यांनी स्वतःचा तळहात माझ्या हाताला समोरून भिडवला आणि ढकललं. दोन्ही हात अडले. "बघ. मी कड अशी ठेवत आलो, सरळ. समोरासमोर भिडते आणि अडते. आता हात तिरका कर." मी केला. ह्यांनी परत ढकललं, आणि ह्यांचा हात माझ्या हातावरून घसरून बाहेर निघून गेला. "दाराची मागची कड अशी तिरकी केली, तर खांबाने मागे रेटलं तरी दार अडणार नाही. बाहेरच्या अंगाला घसरेल."

बऱ्याच दिवसांनी ह्यांच्या डोळ्यांत पहिल्यासारखा उजेड दिसला. मग ह्यांनी दार परत बसवलं, बादलीने त्यावर पाणी ओतलं, ते चांगलं फुगू दिलं आणि मला म्हणाले, "जा आत."

"मी मुळीच जाणार नाही. एकदा गेले तेवढं पुरे."

पण गेले. आतून एका बोटाने ढकललं, तर दार सुरळीत उघडलं. मी बाहेर आले तेव्हा आम्ही दोघंही वेड्यासारखे हसत होतो, आणि पायाखाली सगळीकडे पाणीच पाणी.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले, राजीनामा-बिजीनामा काही नाही, सरळ ताईकडे. तीही स्वस्थ बसलेली नव्हतीच. खांब मुळात कमी मागे यावा म्हणून दाराखालच्या उंबऱ्यात जास्त जाड पाईप घालायचं तिचं ठरलं होतं. ह्यांनी तिला तळहातांचा तोच खेळ करून दाखवला. ताईने ते कॉम्प्युटरवर उतरवलं, आकडे घातले, दिवसभर मान वर केली नाही. मग ह्यांच्या बाकापाशी येऊन म्हणाली, "काका, तिरकी कड चालतेय. तुमची कड आणि माझा पाईप, दोन्ही मिळून जमेल असं दिसतंय. पण फट मात्र ड्रॉइंगप्रमाणेच हवी. त्यात केसभरसुद्धा नाही."

ह्यांनी हातातली कानस बाकावर ठेवली आणि म्हणाले, "हो."

त्या एका 'हो'ची किंमत मला विचारा. निळी गाडी दर्शनी खोलीतून आत आणली आणि तिच्या उंबऱ्यात ताईचा जाड पाईप बसवला. येता-जाता हात फिरवलेली ती देखणी दारं ह्यांनी स्वतः उतरवली आणि स्वतःच त्यांना कानस लावली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. "चूक माझी, तर कानसही माझीच," म्हणाले. मी खिडकीपाशी शिवत होते, पण लक्ष कुठलं लागतंय? दोनदा सुई बोटात गेली. हे कड तिरकी करायचे, फट मोजपट्टीने मोजायचे, परत घासायचे. जन्मभर अंगठ्याने फट जोखणारा माणूस मोजपट्टी घेऊन बसला होता, आणि मला त्या क्षणी त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कार्ड हरायचं तेव्हाही कधी वाटला नव्हता. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. कामाच्या वेळी लाडात येणं मला जमत नाही.

घासलेल्या कडांवर रंगारीबुवा रंग द्यायला लागले तसं ताई म्हणाली, "अहो, आता कशाला? मोडायलाच जातेय ना?"

"ताई, उघडा पत्रा घेऊन आपली गाडी गेटाबाहेर पडणार नाही," रंगारीबुवा म्हणाले.

या वेळी चाचणीला मीही गेले. "काकू, बाहुला तुमच्या सीटवर बसणार आहे, तुम्ही नको का?" असं ताई म्हणाली. खरं कारण मला कळलं होतं. ह्यांच्याजवळ कुणीतरी हवं होतं.

लांबच लांब हॉल, डोळे दिपतील एवढे दिवे, आणि टोकाला ती भिंत. आम्ही जाड काचेमागे उभे. पलीकडच्या टोकाला आमची निळी गाडी, आणि तिच्यात माझ्या सीटवर पट्टा लावून ताठ बसलेला बाहुला. ह्यांनी चारचौघांत माझा हात धरला. लग्नातसुद्धा एवढा घट्ट धरला नव्हता. गाडी सुटली. इंजिनाचा आवाज नाही, नुसती टायरांची घरघर, आणि तीही जेमतेम. ती आमच्या समोरून गेली तेव्हा काय सुंदर दिसली म्हणून सांगू! आणि मग धाडकन आवाज झाला, काच थरथरली, आणि ते देखणं निळं नाक कागदासारखं चुरगळून आत गेलं.

सगळं शांत झालं. कुठेतरी काचेचे तुकडे अजून टपटप पडत होते. एक उंच, किडकिडीत परीक्षक आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून बाहुल्याकडे बघितलं, आणि मग आमच्या बाजूच्या दाराच्या मुठीला हात घातला. ह्यांनी तोंड फिरवलं. "तू बघ," म्हणाले. "मला नाही बघवत."

मी बघितलं. त्याने मूठ ओढली. दार करकरलं. अडलं. त्याने परत ओढली, आणि दार केसभर बाहेर घसरलं, अगदी ह्यांनी माझ्या तळहातावरून हात घसरवला होता तसं, आणि सरळ उघडलं. एका हाताने!

"उघडलं!" मी ओरडले. "अहो, उघडलं! बघा ना इकडे!" तिथले सगळे सुटाबुटातले लोक माझ्याकडे बघायला लागले. बघू देत! ताईने मला मिठी मारली. परीक्षकाने पलीकडे जाऊन दुसरं दारही उघडलं, तेही तसंच. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

आम्हाला आत सोडलं तेव्हा हे चुरगळलेल्या पुढच्या भागाकडे गेले नाहीत. थेट उघड्या दाराशी गेले, वाकले, बाहुल्याच्या खांद्यावरचे काचेचे कण रुमालाने हळूच झटकले आणि त्याचा पट्टा सोडला. "या बाहेर," म्हणाले. अगदी पाहुण्याला म्हणावं तसं. ताईने आधी हसून घेतलं आणि मग डोळे पुसले. माझं उलटं झालं, आधी डोळे भरून आले आणि मग हसू.

नव्या गाडीला परवानगी मिळाली. गेट उघडं राहिलं. ताईने ती मोडकी निळी गाडी भंगारात जाऊ दिली नाही. ती परत आणून दर्शनी खोलीत, आधी होती तिथेच, काचेमागे ठेवली.

पहिली नवी गाडी न्यायला आली ती एक दातांची डॉक्टर. तिच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी आमच्याकडून गाडी घेतली होती आणि लहानपणी ती त्यांच्याबरोबर इथे आली होती. तिने गाडीभोवती चक्कर मारली, मग पर्समधून स्वतःचं कार्ड काढलं आणि हसून म्हणाली, "तो कार्डाचा खेळ मला आठवतोय हं. करून बघू?"

कुणी काही बोलायच्या आत तिने कार्ड दाराच्या फटीला लावलं. कार्ड न वाकता, न अडता आत गेलं आणि तिच्या बोटांतून सुटून फटीतून पार खाली गेलं. रंगारीबुवांचा ब्रश हातातच राहिला. ताई माझ्याकडे बघायला लागली आणि मी ह्यांच्याकडे. डॉक्टरीण बिचारी ओशाळली. "अय्या," म्हणाली, "काका, गेलं की हो!"

हे बाकावरून उठले. सावकाश चालत आले, दार उघडलं, उंबऱ्यावर पडलेलं कार्ड उचललं, बाहीला पुसलं आणि तिच्या हातात दिलं. मग काचेमागच्या निळ्या गाडीकडे, तिच्या सताड उघड्या दाराकडे बोट दाखवलं. थोरले मालक ह्यांच्याकडे दाखवायचे ना, अगदी तसं.

"जायलाच पाहिजे," हे ताठ मानेने म्हणाले. "मुद्दाम तेवढी ठेवलीये. बसा बिनधास्त. बाहेर येता येईल."